कोळ्याच्या बिळापाशी आयुष्य घालवणारा शिक्षक: ज्याँ-आंरी फाब्र कोण होते?

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स भागातलं दगडगोट्यांचं माळरान. ऊन रणरणतंय. जमिनीत साधारण इंचभर रुंदीचं एक गोल बीळ आहे आणि त्याच्या तोंडाशी एक माणूस ओणवा होऊन बसलाय. डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट, हातात काचेची बाटली. बाटलीत एक गुबगुबीत, केसाळ बंबलबी गुणगुणतेय.

तो बाटली बिळावर पालथी घालतो. बंबलबी थोडी धडपडते, मग समोर दिसणाऱ्या बिळात शिरते. आतून काही क्षण जोरात गुणगुण ऐकू येते आणि मग एकदम शांतता. चिमट्याने बाहेर काढल्यावर बंबलबी मेलेली असते. तिच्या मागोमाग, हातची शिकार सुटली म्हणून बिळाच्या तोंडापर्यंत येतो एक मोठा कोळी.

हा माणूस म्हणजे ज्याँ-आंरी फाब्र. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे त्यांचं नाव 'हेन्री फॅबर' असंही लिहिलं जातं. जगाला ते कीटकांचे अभ्यासक म्हणून माहीत आहेत. पण जमिनीवर राहणाऱ्या, जाळं न विणणाऱ्या कोळ्यांबद्दल सामान्य वाचकाला जे काही ठाऊक आहे, त्यातला बराच भाग त्यांनी असा बिळापाशी बसून टिपलाय. त्यांच्याकडे विद्यापीठातली खुर्ची नव्हती, मोठी प्रयोगशाळा नव्हती आणि बराच काळ पैसेही नव्हते.

आधी हा कोळी ओळखू या

कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाळं येतं. पण कोळ्यांच्या कितीतरी जाती शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत. त्या जमिनीवर फिरून किंवा बिळात दबा धरून शिकार करतात. जगात आतापर्यंत कोळ्यांच्या 50,000 पेक्षा जास्त जातींची नोंद झाली आहे. त्यामुळे जमिनीवर दिसलेला तपकिरी कोळी नेमका कोणता, हे नुसत्या रंगावरून सांगणं जवळपास अशक्य असतं.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे डोळे. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण त्यांची मांडणी कुळागणिक बदलते. फाब्र यांनी ज्याचा सर्वात जास्त अभ्यास केला तो 'लांडगा कोळी' या कुळातला. त्याचे डोळे तीन रांगांत असतात. पुढे खाली चार छोटे, त्यांच्या वर दोन मोठे आणि त्याहून मागे, डोक्यावर आणखी दोन. रात्री टॉर्च कपाळाच्या उंचीवर धरून गवतात प्रकाश टाकला, तर हे डोळे दवबिंदूसारखे चमकतात.

दुसरी खूण पोटाच्या टोकाशी असते. तिथे रेशीम बाहेर सोडणाऱ्या छोट्या नळ्या असतात. दगडाखाली दिवस काढून रात्री शिकारीला निघणारं कोळ्यांचं आणखी एक मोठं कुळ आहे. शास्त्रीय भाषेत त्याला 'नॅफोसिडी' म्हणतात, तर इंग्रजीत त्यांचं नावच 'ग्राउंड स्पायडर' आहे. त्यांचे डोळे दोन रांगांत असतात आणि रेशमाच्या पुढच्या दोन नळ्या नळकांड्यासारख्या लांबट, एकमेकींपासून दूर असतात. वरून पाहिलं तरी त्या पोटामागे डोकावताना दिसतात.

तिसरी खूण वागण्यातली. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून ओढत नेते. अशीच पिशवी जबड्यात धरून नेणारी मादी दिसली, तर ती वेगळ्या कुळातली.

नेमकी जात ठरवायची असेल, तर तज्ज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण वाढलेल्या नर-मादीच्या जननेंद्रियांची रचना पाहावी लागते. त्यासाठी कोळी बहुधा मेलेला आणि अल्कोहोलच्या बाटलीत ठेवलेला असतो. फाब्र यांच्या काळातही बरंचसं काम असंच चालायचं. नाव, वर्णन, बाटली, चिठ्ठी. फाब्र यांना त्याच्या पुढचं हवं होतं. हा प्राणी जगतो कसा?

कॅफे चालवणाऱ्याचा मुलगा

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-लेओं या डोंगराळ गावात झाला. घरची गरिबी इतकी की खाणारं एक तोंड कमी व्हावं म्हणून लहानपणी त्यांना आजी-आजोबांच्या शेतावर ठेवलं होतं. सातव्या वर्षी ते शाळेसाठी गावी परतले. शाळा म्हणजे मास्तरांच्या घरातलीच एक खोली, तिथे कोंबड्या आणि डुकराची पिल्लंही बिनधास्त यायची.

पुढे वडिलांनी रोदेझ शहरात कॅफे सुरू केला. तो चालला नाही. मग दुसरं शहर, पुन्हा कॅफे, पुन्हा अपयश. शेवटी कुटुंब पांगलं आणि किशोरवयातल्या फाब्र यांना पोटासाठी जत्रेत लिंबं विकावी लागली, रेल्वेमार्गाच्या कामावर मजुरी करावी लागली. त्यातूनच त्यांनी आव्हिन्यों इथल्या शिक्षक प्रशिक्षण शाळेची स्पर्धा परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळवली आणि 1842 मध्ये कार्पांत्रास गावात शिक्षक म्हणून रुजू झाले. पगार वर्षाला 700 फ्रँक.

गणित आणि भौतिकशास्त्र ते स्वतःच शिकले आणि त्यात पदव्या मिळवल्या. 1849 मध्ये त्यांची नेमणूक कोर्सिका बेटावर झाली. तिथे त्यांची गाठ वनस्पतीशास्त्रज्ञ मोकँ-तांदों यांच्याशी पडली. एके दिवशी मोकँ-तांदों यांनी घरातल्या शिवणकामाच्या साध्या साहित्याने पाण्याखाली एक गोगलगाय उघडून तिची शरीररचना त्यांना दाखवली. नैसर्गिक इतिहासाचा तो त्यांना मिळालेला जणू एकमेव धडा. गणिताचा शिक्षक सजीवांकडे वळला तो असा.

दुसरं वळण आव्हिन्योंला परतल्यावर आलं. लेओं द्युफूर नावाचे एक डॉक्टर कीटकांवर लिहायचे. भुंगेऱ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीवरचा त्यांचा लेख फाब्र यांच्या वाचनात आला. बिळात साठवलेले भुंगेरे सडत का नाहीत, याचं उत्तर द्युफूर यांनी असं दिलं होतं की माशी शिकारीला मारते आणि तिच्या विषाने मांस टिकतं. फाब्र यांनी स्वतः जाऊन पाहिलं. ते भुंगेरे मेलेलेच नव्हते. माशीच्या डंखाने ते फक्त लुळे पडले होते. म्हणजे अळीला शेवटपर्यंत ताजं अन्न.

फाब्र यांनी हे 1855 मध्ये प्रसिद्ध केलं आणि फ्रान्सच्या इन्स्टिट्यूटने त्यांना पुरस्कार दिला. चार्ल्स डार्विन यांनी 1859 मध्ये आलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात फाब्र यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. याच द्युफूर यांनी टॅरँटुला कोळ्यावरही लिहून ठेवलं होतं. पुढे फाब्र कोळ्यांकडे वळले, तेव्हा त्यांनी सुरुवात केली ती द्युफूर यांच्या नोंदींपासूनच.

वर्गात मुली आल्या आणि घर सुटलं

नाव झालं, पण पैसा आला नाही. लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठा वर्गातल्या वनस्पतीपासून शुद्ध रंग काढण्याची पद्धत फाब्र यांनी बरीच वर्षं खपून तयार केली. तेवढ्यात जर्मनीत हाच रंग कृत्रिमरीत्या बनवण्यात यश आलं आणि त्यांची मेहनत मातीमोल झाली.

त्याच सुमारास शिक्षणमंत्री व्हिक्टर द्युरुई यांच्या प्रयत्नांमुळे त्यांना 1868 मध्ये 'लेजन ऑफ ऑनर' हा सन्मान मिळाला. सम्राट तिसरा नेपोलियन याच्यासमोर त्यांना उभं केलं गेलं. मुलींच्या शिक्षणासाठी द्युरुई यांनी वर्ग सुरू केले, तेव्हा आव्हिन्योंमध्ये फाब्र शिकवायला पुढे आले. हवा, पाणी, वीज आणि फुलांमध्ये फलन कसं होतं हेही. शहरातल्या कर्मठ मंडळींना हे सहन झालं नाही. तक्रारी झाल्या, दबाव आला आणि घरमालकिणींनी घर सोडायला सांगितलं. मोठं कुटुंब घेऊन, हातात पैसा नसताना फाब्र यांना शहर सोडावं लागलं.

त्या वेळी मदतीला आले ते इंग्लंडचे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. मिल तेव्हा आव्हिन्योंजवळ राहायचे आणि दोघं मिळून वनस्पती गोळा करायला हिंडायचे. मिल यांनी 3,000 फ्रँक उसने दिले. फाब्र ऑरांज गावी गेले, शाळेसाठी विज्ञानाची सोपी पुस्तकं लिहू लागले आणि ते कर्ज फेडून टाकलं. पुढची कित्येक वर्षं त्यांचं घर याच पुस्तकांवर चाललं.

1877 मध्ये त्यांचा मुलगा ज्यूल वारला. वय 16. फाब्र यांच्यासोबत माळावर हिंडणारा, कीटक आणि वनस्पतींची नजर असलेला मुलगा. दोन वर्षांनी त्यांच्या 'सूव्हनीर आंतोमोलोजिक', म्हणजे कीटकांविषयीच्या आठवणी, या मालिकेचा पहिला खंड आला. त्यात त्यांनी नव्या वाटलेल्या तीन गांधीलमाश्यांची वर्णनं दिली आणि तिन्हींच्या नावांत ज्यूलचं नाव गुंफलं. बाटलीतल्या चिठ्ठीपेक्षा जिवंत प्राणी महत्त्वाचा मानणाऱ्या या माणसाला शास्त्रीय नावाचा असा उपयोग सापडला.

हार्मस: कुणालाही नको असलेली जमीन

त्याच वर्षी, 1879 मध्ये फाब्र यांनी ऑरांजजवळच्या सेरिन्यां गावाबाहेर एक घर आणि साधारण हेक्टरभर जमीन घेतली. प्रोव्हान्सच्या बोलीत 'हार्मस' म्हणजे नांगर न लागलेली, दगडगोट्यांची, रानओव्याने भरलेली पडीक जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीने कवडीमोलाची. फाब्र यांना मात्र हेच हवं होतं, कारण अशा जमिनीत गांधीलमाश्या, नाकतोडे आणि बिळात राहणारे कोळी भरपूर असतात. वयाच्या 55 व्या वर्षी त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तिला छप्पर नव्हतं, इतकंच.

तिथला त्यांचा आवडता शेजारी म्हणजे काळ्या पोटाचा टॅरँटुला, लायकोसा. इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आज टॅरँटुला म्हटलं की काचेच्या पेटीत पाळला जाणारा तळहाताएवढा केसाळ कोळी आठवतो. पण हे नाव मुळात युरोपातल्या लांडगा कोळ्याचं. इटलीतल्या तारांतो शहरावरून ते पडलं. हा कोळी चावला की माणसाने बेभान होऊन नाचलं पाहिजे, तरच विष उतरतं, अशी तिकडे समजूत होती. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना तेच नाव देऊन बसले आणि मूळ मालकाचं नाव दुसऱ्यालाच चिकटलं.

फाब्र यांनी लायकोसाच्या बिळाचं केलेलं वर्णन आजही वाचनीय आहे. बीळ साधारण फूटभर खोल. आधी सरळ खाली जातं, मग वळतं. तोंडाशी गवताच्या काड्या, खडे आणि रेशीम यांचा छोटासा कठडा. मोकळ्या माळावर हा कठडा बेताचाच असतो. साहित्य भरपूर मिळालं तर कोळी काय करेल? फाब्र यांनी काही माद्या मातीच्या कुंड्यांमध्ये जाळीखाली ठेवल्या आणि त्यांना खडे, काड्या आणि लोकरीचे रंगीत तुकडे दिले. कोळ्यांनी सगळं वापरलं आणि रंगीबेरंगी बुरूज उभे केले. रंगांची निवड मात्र त्यांनी केली नाही. जे हाताशी आलं ते विणलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बिळाबाहेर काढलेली मोठी मादी सहसा नवं बीळ खणत नाही. फाब्र यांनी बोटाएवढं भोक करून दिलं, तर ती त्यात शिरते आणि पुढचं काम करते. पण सुरुवातीपासून खणण्याचं वय तिच्या दृष्टीने उलटून गेलेलं असतं. फाब्र यांच्या मते उपजत बुद्धी ही ठरलेल्या क्रमाने चालते. एक पायरी मागे जाता येत नाही.

एकच चावा, तोही मानेवर

जाळं नसलेल्या कोळ्यापुढे एक मोठा प्रश्न असतो. जाळ्यातली शिकार गुरफटलेली असते, तिला सावकाश संपवता येतं. लायकोसाला समोरासमोर भिडावं लागतं आणि समोर डंख मारणारी माशी असेल तर चूक करायला दुसरी संधी नसते. मग तो जिंकतो कसा?

बंबलबीचा मृत्यू बिळाच्या आत व्हायचा, त्यामुळे काहीच दिसत नव्हतं. फाब्र यांनी मग लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा निवडला. तो बिळात शिरत नाही. भुंगा असलेली बाटली बिळावर पालथी घालून ते वाट बघत बसायचे. बहुतेक कोळी बाहेर यायचेच नाहीत. एखादाच भुकेलेला कोळी झेपावायचा आणि पुढच्या क्षणी भुंगा मेलेला असायचा. ज्या ज्या वेळी त्यांना हा हल्ला बघायला मिळाला, त्या त्या वेळी दात रुतलेले होते ते एकाच ठिकाणी: डोक्याच्या मागे, मानेच्या सांध्यात.

हा योगायोग तर नाही? ते तपासण्यासाठी त्यांनी कोळ्याला चिमट्यात धरून भुंग्याच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी चावायला लावलं. पोटावर चावा बसलेले भुंगे बराच वेळ जिवंत राहिले. मानेवर चावा बसलेले तत्काळ मेले. म्हणजे विष तेच, पण जागेमुळे निकाल बदलत होता. मज्जासंस्थेच्या मुख्य केंद्राजवळचा घाव शिकारीला डंख उगारायलाही वेळ देत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भुकेलेले कोळीही अनेकदा बिळातच का थांबतात, याचंही उत्तर यात होतं. मान नेमकी समोर येईपर्यंत उडी मारणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

मग त्यांनी हे विष मोठ्या प्राण्यांवर तपासलं. उडायला लागलेल्या चिमणीच्या एका पिल्लाच्या पायाला कोळ्याचा चावा घडवला. पाय लुळा पडला, पण पिल्लू खात होतं. फाब्र यांच्या मुली त्याला माश्या, पावाचा चुरा आणि जर्दाळूचा गर भरवत होत्या. सगळ्यांना वाटलं ते वाचेल. पण दोनतीन दिवसांतच ते मेलं. घरातल्या लोकांच्या नजरेत नाराजी होती आणि फाब्र यांनाही ते लागलं. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, स्वतःवरच्या आरोपासकट लिहून ठेवली. त्यानंतर एका चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्यावर, मोलवर, त्यांनी एक प्रयोग केला. तोही साधारण दीड दिवसात मेला.

यावरून हे कोळी माणसालाही घातक असतात का? फाब्र यांना सावध राहावंसं वाटत होतं. आजच्या माहितीनुसार लांडगा कोळ्यांचा चावा माणसासाठी सहसा गंभीर नसतो. वेदना आणि थोडी सूज येते. नाचण्याची गरज नाही.

अंड्यांच्या जागी बुचाचा गोळा

ऑगस्टमध्ये लायकोसाची मादी जमिनीवर रेशमाची चकती विणते, तिच्यावर अंडी घालते आणि कडा गुंडाळून चेरीएवढा गोळा करते. मग तो पोटाच्या टोकाला चिकटवून सगळीकडे घेऊन फिरते. तो ओढून काढायचा प्रयत्न केला, तर ती चिमट्याला चावते. उन्हाच्या वेळी बिळाच्या तोंडाशी उलटी बसून ती मागच्या पायांनी गोळा उन्हात धरते आणि सावकाश फिरवते, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊब मिळेल. हे रोज, तासन् तास, तीन-चार आठवडे.

इतकी जपणारी आई आपला गोळा ओळखत असेलच ना? फाब्र यांनी तिची पिशवी काढून दुसऱ्या कोळ्याची दिली. तिने घेतली. मग बुचाचा, तेवढ्याच आकाराचा गोळा कापून दिला. तिने तोही चिकटवला आणि तितक्याच निष्ठेने ओढत राहिली.

पिल्लं बाहेर आल्यावर आईच्या पाठीवर चढतात. दोनशेच्या आसपास, एकमेकांवर रचून, जणू तिने लोकरीची शाल पांघरलीय. फाब्र यांनी कुंचल्याने एका मादीची पिल्लं झाडून दुसऱ्या मादीजवळ पाडली. ती सरळ तिच्या पाठीवर चढली आणि तिनेही हरकत घेतली नाही. पुढचं दृश्य अंगावर येणारं होतं. दोन माद्या भिडल्या, एकीने दुसरीला मारलं आणि खाऊ लागली. मेलेल्या आईची पिल्लं शांतपणे तिला खाणाऱ्या मादीच्या पाठीवर जाऊन बसली.

आपण याला माया म्हणायचं का? फाब्र यांचं उत्तर होतं, माणसाचा शब्द इथे जपून वापरा. कोळ्याच्या मादीचं वागणं मायेसारखं दिसतं, पण त्यात ओळख नाही. ते स्पर्श आणि क्रमावर चालतं. प्राण्यांबद्दल इतक्या आपुलकीने लिहिणाऱ्या माणसाने हा फरक विसरू दिला नाही.

वसंतात एखाद्या उबदार दिवशी पिल्लं आईला सोडतात. आयुष्यभर जमिनीवर राहणारा हा कोळी तेव्हा एकदाच उंच चढतो. मिळेल त्या काडीच्या टोकावर जाऊन पिल्लू रेशमाचा धागा सोडतं आणि वाऱ्यासोबत निघून जातं. एकाच जागी शेकडो भावंडं राहिली, तर एकमेकांनाच खातील. पांगणं हाच उपाय.

फाब्र कुठे चुकले?

फाब्र यांच्या मोजणीनुसार पिल्लं जवळपास सात महिने आईच्या पाठीवर काही न खाता राहत होती. तरीही ती पडली की भराभर परत चढायची. ही शक्ती येते कुठून? त्यांना वाटलं, ती थेट सूर्याच्या उबेतून मिळत असावी. हे खरं नाही. कोळी ऊन खाऊन जगत नाहीत. पिल्लांच्या शरीरात अंड्यातल्या बलकाचा साठा उरलेला असतो आणि विश्रांतीत त्यांच्या शरीराला फारच कमी ऊर्जा लागते. उन्हाने शरीर गरम होऊन हालचाल सोपी होते, पण ते अन्न नव्हे.

दुसरी चूक मोठी होती. त्यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत कधीच मानला नाही. मानेवर अचूक चावणारा कोळी आणि नेमक्या जागी डंख मारणारी गांधीलमाशी बघून त्यांना वाटायचं की असं कौशल्य हळूहळू घडूच शकत नाही. ते पहिल्यापासून पूर्णच असलं पाहिजे. डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि डार्विन यांनी सुचवल्यावरून त्यांनी माश्या घरी कशा परततात यावर प्रयोगही केले. मतभेद मात्र राहिले. नंतरच्या अभ्यासकांना दिसलं की हे कौशल्य फाब्र समजत होते तितकं अचूक नसतं. त्यात चुका असतात, फरक असतात आणि उत्क्रांतीला काम करायला तेवढं पुरतं.

तरीही त्यांची निरीक्षणं टिकली, कारण त्यांनी काय पाहिलं आणि त्यावरून काय वाटलं, हे वेगवेगळं ठेवलं होतं. निष्कर्ष बाद झाला तरी नोंद वापरता येते.

शेवटची वर्षं आणि आजचे फाब्र

'सूव्हनीर'चे दहा खंड 1879 ते 1907 या काळात आले. काळ्या पोटाच्या टॅरँटुलाची शिकार दुसऱ्या खंडात, 1882 मध्ये आली. त्याच्या बिळाची आणि पिल्लांची गोष्ट पुढे नवव्या खंडात आली, तेव्हा फाब्र ऐंशी ओलांडून गेले होते. एकाच प्राण्याकडे ते इतकी वर्षं परत परत गेले. पहिली पत्नी 1885 मध्ये गेली. नंतर त्यांनी दुसरं लग्न केलं, पुन्हा मुलं झाली आणि तीही वडिलांसोबत बिळं शोधत हिंडू लागली.

पाठ्यपुस्तकांची विक्री घटल्यावर म्हातारपणी पुन्हा हलाखी आली. 1910 मध्ये त्यांच्या चाहत्यांनी सेरिन्यांमध्ये गौरव समारंभ केला आणि देशाला अचानक त्यांची आठवण झाली. 1913 मध्ये राष्ट्राध्यक्ष पॉँकारे स्वतः त्यांना भेटायला आले. 11 ऑक्टोबर 1915 रोजी फाब्र यांचं हार्मसमध्येच निधन झालं. वय 91. पुढे ही वास्तू फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाकडे गेली. जपानमध्ये तर त्यांची पुस्तकं शाळकरी मुलंही वाचतात.

आपल्याकडे फाब्र यांची लायकोसा शोधायला जायची गरज नाही. तिचे नातेवाईक पावसाळ्यात बांधावर, गवतात, भाताच्या खाचरात सर्रास दिसतात. भातावरच्या तुडतुड्यांना खाणाऱ्यांमध्ये लांडगा कोळ्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे पोटामागे पांढरट गोळा ओढत जाणारा एखादा छोटा कोळी दिसला, तर चप्पल उचलण्याआधी थोडं थांबा.

त्याच्या जातीचं नाव तुम्हाला बहुधा सांगता येणार नाही. त्याला सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ लागतो. पण तो डोळ्यांच्या किती रांगा मिरवतो, गोळा कुठे चिकटवलाय, बिळात शिरतो की दगडाखाली, हे तुम्ही बसल्या जागी टिपू शकता. फाब्र यांनी आयुष्यभर यापेक्षा फार वेगळं काही केलं नाही. फक्त ते उठून गेले नाहीत.